घराचीही कझा असते

कोकणातल्या मुस्लिम घरांत एक किस्सा हसत हसत सांगितला जातो. आखातातून दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला बाप मुलाला उचलायला हात पुढे करतो आणि मूल दादीच्या मागे लपतं. ‘अब्बा कुठं आहेत?’ असं विचारलं, की ते टेबलावरच्या मोबाइलकडे बोट दाखवतं. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, कुठेही हा किस्सा काढा, ‘आमच्याकडंही असंच झालं होतं’ म्हणणारं कुणीतरी भेटेल. सगळे हसतात. बापही हसतो आणि मग जरा वेळ गप्प होतो.

हा किस्सा आखातापुरता होता तोवर आपण त्याला कोकणाचं नशीब म्हणून सोडून दिलं. आता तो सगळीकडे आला आहे. औषध कंपनीचा एमआर धुळे-जळगाव-मालेगाव असा महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असतो. पुण्यातली इंजिनिअर आठवड्याभरासाठी म्हणून क्लायंटकडे बेंगळुरूला जाते आणि तिथं तीन आठवडे निघतात. मर्चंट नेव्हीतला मुलगा सहा-सात महिने जहाजावर असतो. भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेल्या ट्रक ड्रायव्हरला घरी परतायचा दिवस नक्की सांगता येत नाही. आपल्या वाचकांतले बरेच जण पंचवीस ते पस्तीस वयाचे आहेत. नोकरीत धावायचं वय आणि घरात मूल रांगायचं वय एकच आलं आहे. म्हणून यावेळी या विषयावर बोलायचं ठरवलं.

‘काम आणि घर यांचा तोल साधा’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण तोल साधतं कोण? बाप फिरतीवर असताना तापलेल्या मुलाला रात्री दोन वाजता रिक्षात घालून दवाखान्यात नेणारी आई, औषधाच्या वेळा लक्षात ठेवणारी दादी, शाळेच्या मीटिंगला जाणारी फूफी, तोल या बायका साधतात. घराचा कर्ता म्हणून नाव मात्र बाहेर गेलेल्याचं लागतं. हे आधी कबूल केलं, तरच पुढचं बोलणं खरं होईल.

मुसाफिराला आपल्या दीनात सवलती आहेत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. चार रकातींची फर्ज नमाज सफरीत दोन रकातींची होते, तिला कसर म्हणतात. रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. पण या सवलतींना हद्द आहे. हनफी मसलकानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा जास्त मुक्कामाचा इरादा केला, की माणूस मुसाफिर राहत नाही. कोकणी मुसलमानांत शाफई मसलक चालतो. त्यात तर येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांचाच हिशेब आहे. म्हणजे दोन वर्षांच्या व्हिसावर दुबईत राहणारा माणूस तिथं मुसाफिर नाहीच, तो पूर्ण चार रकाती पढतो. घरच्या जबाबदारीत मात्र तो दोन्ही वर्षं स्वतःला मुसाफिर समजतो आणि घरचेही त्याला तसंच समजतात.

दुसरी गोष्ट कझेची. सफरीत सुटलेला रोजा माफ होत नाही. जितके सुटले तितके मोजून नंतर ठेवावे लागतात. हा हिशेब माणूस स्वतःच ठेवतो, मौलाना विचारायला येत नाहीत. आम्ही इथं फतवा द्यायला बसलेलो नाही. पण ज्या समाजाला सुटलेल्या रोजांची मोजदाद करायची सवय आहे, त्यानं घरापासून सुटलेल्या दिवसांची मोजदाद कधी का केली नाही, एवढं विचारायला हरकत नसावी.

बारा दिवस फिरून आलेला बाप म्हणतो, मी दमलोय. तो दमलेला असतो यात शंका नाही. हदीसमध्येही सफरीला यातनेचा एक हिस्सा म्हटलं आहे, ती माणसाचं खाणंपिणं आणि झोप हिरावून घेते. पण त्याच हदीसच्या शेवटी काम झालं की लवकर घरच्यांकडे परतावं, असंही सांगितलेलं आहे. पहिला भाग आपल्या लक्षात राहतो, दुसरा सुटतो. मीटिंग दुपारी चारला संपते, मग टीमबरोबर जेवण होतं आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची निघते. इकडं बारा दिवस एकटीनं घर ओढणाऱ्या बायकोला ना कसर, ना मुक्काम.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘पैसे पाठवतो ना!’ सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दूधपित्या मुलाच्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलेली आहे, आणि एवढा भाग आपल्या पुरुषांना चांगला माहीत असतो. त्याच आयतीत पुढे असंही आहे, की मुलाचं दूध तोडायचं असेल तर दोघांनी राजीखुशीनं आणि आपसातल्या सल्लामसलतीनं ठरवावं. दूध तोडणं ही आपण बायकांची बाब मानतो. कुरआननं तीही दोघांच्या मशवऱ्यात आणली. आता मशवरा करायचा तर मूल काय खातं, किती वाजता झोपतं, कशाला घाबरतं हे ठाऊक असायला हवं. ज्याला मुलाच्या बालवाडीच्या बाईंचं नाव सांगता येत नाही, तो मशवरा कशाचा करणार? पैसा पाठवणं ही मोठी गोष्ट आहे, पण बापाचं काम तिथं संपत नाही.

पैगंबर (स.) नमाज पढवत असताना मूल रडल्याचा आवाज आला, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत, अशी हदीस बुखारीत आहे. नमाजेपेक्षा आपली कुठली मीटिंग मोठी आहे? हजरत उमर यांच्याबद्दलची रिवायतही अनेकांनी ऐकली असेल. मोहिमेवर गेलेल्या सैनिकाच्या बायकोचं एकटेपणाचं दुःख त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा यांना विचारलं, की बाई नवऱ्यावाचून किती काळ काढू शकते. त्यांच्या उत्तरावरून सैनिकांना चार महिन्यांपेक्षा, काही रिवायतींनुसार सहा महिन्यांपेक्षा, जास्त काळ घरापासून दूर ठेवायचं नाही असा हुकूम निघाला. या रिवायतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. नियम सैनिकावर नव्हे, त्याला पाठवणाऱ्यावर लागू झाला.

आज पाठवणाऱ्यांवर काय बंधन आहे? २०१७च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला मूल झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस नाही, कंपनी देईल तेवढंच. केंद्राच्या महिला कर्मचारीला बालसंगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा घेता येते. पुरुषाला ती फक्त एकटा पालक असेल तर मिळते. थोडक्यात, मूल आईचं आणि बाप पाहुणा, असं कायदाही धरून चालतो. आखातात तर आपलं माणूस सोबत नेणंही पगारावर अवलंबून आहे. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाला स्पॉन्सर करायला ४ हजार दिरहम पगार, किंवा ३ हजार आणि राहायची सोय लागते. लेबर कॅम्पमधल्या मजुरानं मुलाला जवळ घ्यावं कसं? त्याच्याकडे निवडच नाही, त्याला बोल लावण्याचा प्रश्नच नाही. हे सगळं त्यांच्यासाठी आहे, ज्यांना थोडीफार निवड आहे आणि जे ती करत नाहीत.

बाई सफरीला निघते तेव्हा काय होतं, तेही बघू. फिरतीवर निघालेल्या पुरुषाला ‘मुलं कुणाकडे?’ असं कुणी विचारत नाही. बाईला सासू विचारते, शेजारीण विचारते, मॅनेजरही विचारतो. वर मेहरमचा मुद्दा येतो. २०१८च्या हजपासून भारतातल्या ४५ वर्षांवरच्या महिलांना चार किंवा अधिक जणींच्या गटानं मेहरमशिवाय हजला जाता येऊ लागलं आणि हजारो जणी जाऊन आल्या. या मसल्यावर उलेमांत मतभेद आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. पण पुष्कळदा घरात अडतं ते मसल्यावर नाही. चार दिवसांच्या ट्रेनिंगला गेली तर मुलांना जेवू कोण घालणार, यावर अडतं. बाप घरात बसलेला असताना हा प्रश्न पडतो, हेच आपलं खरं दुखणं आहे. बायकोची बढती ‘मुलं लहान आहेत’ म्हणून नाकारणाऱ्या तरुणानं, आपल्या स्वतःच्या बढतीच्या वेळी मुलं किती मोठी होती, हे आठवून पाहावं.

मग करायचं काय? कझा कशी फेडायची? काही साध्या गोष्टी सुचवतो.

लसीकरणाच्या तारखा घ्या. सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. या तारखा मूल जन्मल्या दिवसापासून ठाऊक असतात. फिरतीचं वेळापत्रक ठरायच्या आधी त्या मॅनेजरपुढे ठेवता येतात. टार्गेटसाठी तारीख मागताना आपल्याला लाज वाटत नाही, मग मुलाच्या इंजेक्शनसाठी का वाटावी? लसीनंतरची किरकिरी रात्रही बापानं काढावी.

लहान मुलाला ‘गुरुवारी येईन’ कळत नाही. ‘तीन झोपा झाल्या की येईन’ हे कळतं. भिंतीवर तीन रेघा काढाव्यात, रोज एक खोडायला सांगावी. मूल झोपलेलं असताना गुपचूप निघून जाऊ नये. जागं करून सलाम करून निघावं. रडेल, पण उठल्यावर घरभर शोधत फिरणार नाही. आणि सांगितलेल्या दिवशीच परतावं.

फोनवर ‘अब्बांना सलाम कर, कविता म्हणून दाखव’ असं म्हटलं, की मुलाला परीक्षेला उभं केल्यासारखं होतं. त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी बापानंच एक छोटी गोष्ट सांगावी. आईच्या हातात पोळपाट-लाटणं असतं, त्या वेळी फोन केला तर तिलाही दहा मिनिटं मिळतात.

परतल्यावर जितके दिवस बाहेर काढले, तितक्या रात्री मुलासाठी उठण्याचं काम आपलं. सकाळचा डबा, आंघोळ, शाळेत सोडणं आपलं. बायकोला एक अख्खा दिवस मोकळा द्यावा आणि त्या दिवशी ‘डायपर कुठं ठेवलेत?’ असा फोन तिला करू नये. याला मदत म्हणू नये, ही थकबाकी आहे. बॅगेतून चॉकलेटं आणि खेळणी जरूर आणावीत, पण त्यांनी हिशेब चुकता होत नाही. ते फिदयासारखं झालं. फिदया ज्याला रोजा ठेवणं शक्यच नाही त्याच्यासाठी असतो. ज्याला शक्य आहे, त्यानं कझाच करायची.

मोहल्ल्यालाही काम आहे. आखाताच्या पैशातून गावोगावी मशिदी, मदरसे, शाळा उभ्या राहिल्या. ज्यांच्या घामाचा हा पैसा, त्यांच्या घरी रात्री मूल आजारी पडलं तर कुणाची रिक्षा निघेल, दवाखान्यात सोबत कोण जाईल, याची चार नंबरांची यादी प्रत्येक जमातीला करता येईल. त्याला वर्गणीही लागत नाही.

आणि शेवटी आमचं स्वतःचं. चळवळीच्या बैठका रविवारी, शिबिरं जोडून सुट्टीत, चर्चा रात्री अकरापर्यंत. कार्यकर्ता आठवडाभर नोकरीसाठी फिरतो आणि सुट्टीच्या दिवशी समाजासाठी घराबाहेर पडतो. व्यासपीठावर तो समतेवर बोलत असतो, तेव्हा त्याची मुलं घरी आईपाशी असतात. ती आई कार्यक्रमाला का आली नाही, हे आपण विचारत नाही. कार्यक्रम दिवसाउजेडी संपावा, मुलांसाठी एक सतरंजी आणि चार रंगखडू असावेत, त्यांच्याजवळ बसायची पाळी पुरुषांचीही असावी, असं आम्ही सुचवतो. सुरुवात आपल्या बैठकांपासून व्हावी. आपल्या गावात, आपल्या घरात काय जमलं आणि काय फसलं, ते वाचकांनी मराठीत किंवा इंग्रजीत आम्हाला जरूर लिहून कळवावं.

सुट्टीवर आलेल्या त्या बापाला एवढंच सांगू. मुलाला ओढून घेऊ नका. फोन बाजूला ठेवा, जमिनीवर बसा, त्याच्या गाडीचं सुटलेलं चाक बसवून द्या. पहिल्या दिवशी ते लांबून बघेल. दुसऱ्या दिवशी जरा जवळ येईल. तोवर रात्रीचं दूध गरम करायला तुम्ही उठा, आणि त्याच्या आईला झोपू द्या.