भाजलेल्या रुग्णाचं दुखणं : विचारा, लिहा, मग ड्रेसिंग करा

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना काही महिने माझी ड्युटी जळीत वॉर्डात होती. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ड्रेसिंगची ट्रॉली निघायची. तिच्या चाकांचा खडखडाट व्हरांड्यात ऐकू आला की दाराजवळच्या खाटेवरचं चार वर्षांचं पोर रडायला लागायचं. आंघोळीच्या उकळत्या पाण्यानं पोट आणि मांड्या भाजलेल्या. अजून त्याला कुणी हातही लावलेला नसायचा. "फार भित्रं आहे हो तुमचं लेकरू," असं आम्ही त्याच्या आईला म्हणायचो. आज त्या वाक्याची लाज वाटते. लेकरू भित्रं नव्हतं, त्याला कालचा अनुभव होता.

त्याच्या केसपेपरवर नाडी, ताप, लघवीचं प्रमाण, सलाईनचा हिशोब, सगळं होतं. दुखतंय किती, याला रकाना नव्हता. वेदनाशामक इंजेक्शनपुढे 'एसओएस' लिहिलेलं, म्हणजे गरज लागेल तेव्हा. आता ही गरज ठरवणार कोण? रुग्ण कण्हतो, नातेवाईक सिस्टरकडे जातात, सिस्टरकडे पन्नास रुग्ण, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. इंजेक्शन मिळेपर्यंत दीड तास गेलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे : जळीत रुग्णाच्या वेदनेवर सगळ्यात आधी हवा तो तक्त्यावरचा एक रकाना. महागडं औषध नंतर.

भाजल्याचं दुखणं एकाच प्रकारचं नसतं. एक असतं सततचं, नुसतं पडून असतानाही. दुसरं मधूनच उसळणारं, कूस बदलताना, खोकताना. तिसरं ड्रेसिंगचं आणि व्यायामाचं, आणि हे सगळ्यात भयंकर. सकाळी राउंडला "बरं आहे का?" विचारून "बरं आहे" असं उत्तर मिळालं, तर ते पहिल्या प्रकाराचं उत्तर असतं. ड्रेसिंगच्या वेळेचं वेगळं विचारावं लागतं आणि वेगळं लिहावं लागतं. आणखी एक गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे : खोल भाजलं की नसा जळतात, म्हणून दुखत नाही. जखमेच्या मध्यभागी हे काही अंशी खरं असेल. पण कडेला वरवरचं भाजलेलं असतं, आणि जिथून कातडी काढून लावतात ती मांडीवरची जागा तर चांगलीच झोंबते.

पुस्तकात लिहिलंय, शून्य ते दहामध्ये आकडा विचारा. विचारून पाहा. किनवट, माहूर, देगलूरकडून नांदेडला किंवा उदगीर, निलंग्याकडून लातूरला आलेली आजी तुमच्याकडे बघत राहते. मात्र दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, "बारा आणे फरक हाय, चार आणे ऱ्हायलंय." चार आण्याचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, पण आपल्या दवाखान्यात ते अजून खणखणीत चालतं. मग त्याच मापानं का विचारू नये? सोळा आणे म्हणजे सोसवतच नाही असं दुखणं. सिस्टरनं आठ आणे ऐकले की तक्त्यावर पाच लिहावं. शास्त्रीय मोजपट्टीच्या चाचण्यांत हे बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण एकाच माणसाला त्याच्याच मापानं रोज विचारलं, तर कालच्यापेक्षा कमी की जास्त हे कळतं, आणि मला तेवढंच हवं असतं.

शब्दही ऐकावेत. 'आग होते', 'झोंबतंय' ही उघड्या जखमेची भाषा. आठवड्याभरानं अचानक 'ठणकतंय' सुरू झालं तर जखमेत पू होतोय का ते बघा. 'ओढ बसते' म्हणजे व्रण आखडतोय. 'करंट लागल्यासारखं' म्हणजे नसेचं दुखणं, त्याला नेहमीची गोळी पुरत नाही.

लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रं असतात, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा. ही वाँग-बेकर पट्टी अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या टल्सा इथल्या रुग्णालयात, भाजलेल्या मुलांसोबत काम करतानाच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. आपल्याकडे तिचा जास्तीचा उपयोग आहे. नांदेडच्या वॉर्डात तेलुगू, दखनी, बंजारा बोली ऐकू येते, लातूरला सीमेवरून कन्नड. चेहऱ्याला दुभाषा लागत नाही. बोलता न येणाऱ्या तान्ह्याचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं बघून गुण देता येतात.

बायकांच्या बाबतीत एक सावधगिरी. खाटेशेजारी नवरा आणि सासू उभे असताना "सहन होतंय" या उत्तराला फारसा अर्थ नाही. नातेवाइकांना चहाला पाठवा आणि पुन्हा विचारा.

उपचारात गुपित काही नाही. पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे, मागण्याची वाट न बघता. डायक्लोफेनॅकसारखी औषधं सुरुवातीच्या दिवसांत जपून, कारण मोठ्या भाजण्यात किडनी आधीच ताणाखाली असते. मोठ्या भाजण्यात दंडात किंवा कमरेत दिलेलं इंजेक्शन पहिल्या दिवसांत नीट शोषलं जात नाही, म्हणून शिरेतून थोडं थोडं मॉर्फिन, श्वासावर लक्ष ठेवून. ड्रेसिंगला भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केटामिन. आणि औषध दिल्यावर थांबणं! तोंडानं दिलेल्या मॉर्फिनला चांगला अर्धा-पाऊण तास लागतो. गोळी देऊन पाच मिनिटांत पट्टी ओढायची, तर गोळी न दिल्यासारखीच. चिकटलेली पट्टी सलाईननं भिजवायला मात्र एक रुपयाही जास्त लागत नाही.

मॉर्फिनचं नाव काढलं की दोन भीती समोर येतात. पहिली कायद्याची. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिलसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. वैद्यकीय कारणासाठी अफू कायदेशीररीत्या पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, आणि आपल्याच जिल्ह्यात रुग्ण मॉर्फिनविना तळमळावा, हे मला पटत नाही. दुसरी भीती 'सवय लागेल' ही. ती खोटी नाही. 'वेदना ही पाचवी महत्त्वाची नोंद' या घोषणेच्या मागे लागून अमेरिकेनं गोळ्यांचा अतिरेक केला, आणि २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनंच ती घोषणा सोडायला सांगितलं. म्हणून आकडा शून्यावर आणायचा हट्ट नको. रुग्ण झोपू शकेल, जेवेल, हातपाय हलवेल इतपत आराम हवा, आणि जखम भरत आली की डोस उतरवत न्यायचा. त्यासाठीही रोजची नोंद लागतेच.

आणखी एक भीती फक्त जळीत वॉर्डातली आहे आणि तिच्यावर कुणी उघड बोलत नाही. भाजलेल्या बाईचा जबाब. पोलीस, दंडाधिकारी यायचे असतात, डॉक्टरनं 'जबाब देण्यास सक्षम' असं लिहायचं असतं, आणि गुंगीचं औषध दिलं तर उद्या कोर्टात वकील त्यावर बोट ठेवेल, या धास्तीनं तिला तासन् तास औषधाविना ठेवलं जातं. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की जबाब घेणाऱ्याची रुग्णाच्या मानसिक स्थितीबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही. वेदनेनं किंचाळणारी बाई नीट जबाब देऊ शकते, असं तरी कोण म्हणेल? बेताच्या डोसनंतर माणूस जागा असतो, नाव-गाव सांगतो. औषध, डोस, वेळ आणि त्यानंतरची शुद्ध केसपेपरवर लिहा. औषध रोखून ठेवण्यापेक्षा ही नोंद कोर्टात जास्त कामाची.

नातेवाइकांसाठी एवढंच : ड्रेसिंग किती वाजता आहे आणि त्याआधीचं औषध कधी देणार, हे सिस्टरना रोज विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

त्या चार वर्षांच्या पोराला पुढे एका सीनियर सिस्टरनं स्वतःहून ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी औषध द्यायला सुरुवात केली. आईला डोक्याशी बसवलं, मोबाइलवर गाणी लावली. ट्रॉली आली की ते तरीही रडायचं, आठवडाभर. मग एके दिवशी ट्रॉली दारात असताना त्यानं सिस्टरला विचारलं, "आज पाणी टाकून काढणार ना?"