राहिलेली बारावी

‘आता या वयात?’ शेजारच्या भाभी हसल्या. पण हसण्यात खंत होती. अब्बांच्या आजारपणात त्यांची बारावी राहिली. मग निकाह झाला, मुलं झाली. आता मुलगी आठवीत आहे. ‘तिनं गणित विचारलं की मी स्वयंपाकघरात जाते,’ म्हणाल्या.

भगिनींनो, शिक्षण सुटलं म्हणजे संपलं नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत बारावीसाठी वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. पुढे पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

भाभींनी पेटीतून दहावीची गुणपत्रिका काढली. भाईजानना सांगायला मात्र आठ दिवस लावले. ते एवढंच म्हणाले, ‘फॉर्म कधी भरायचा?’

फी रोज भरावी लागत नाही. अभ्यासाचा तास रोज लागतो. तो तास बाईला एकटीला काढता येत नाही, घरानं द्यावा लागतो. आता इशानंतर भांडी भाईजान घासतात, आणि मायलेकी एकाच दिव्याखाली पुस्तक उघडतात.

तुमच्या घरात कुणाची गुणपत्रिका पेटीत पडून आहे?