पिल्लाची किंमत

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची म्हणजे पहिला प्रश्न पैशाचा निघतो, आणि तो तसा निघणें रास्तच आहे. परंतु जी वस्तु खाते, आजारी पडते, वाट पाहते आणि एके दिवशीं आपल्यादेखत मरते, तिच्या बाबतींत हा प्रश्न बहुधा अर्धाच विचारला जातो, असा आमचा अनुभव आहे. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं शिकारी जातीच्या कुत्र्याचें पिल्लू घेण्याचा विषय निघाला. त्या निमित्तानें जें बोलणें झालें तें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

आमचें बिऱ्हाड सांगलीस, व तासगांवच्या बाजूस थोडी द्राक्षबाग आहे. बाग आतां थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा पाहतो. त्याच्या मनानें मुधोळचें पिल्लू घेतलें. तीन ठिकाणीं चौकशी करून त्यानें तीन भाव आणले : पांच हजार, बारा हजार आणि पंचवीस हजार. थोरल्या बंधूंनीं जेवतां जेवतां विचारलें, "पांच हजारांचें कुत्रें आणि पंचवीस हजारांचें कुत्रें यांच्या भुंकण्यांत कांहीं फरक असतो काय?"

या जातीचा गुण मुळीं भुंकण्यांत नाहीं, धांवण्यांत आहे. लांबोडें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि उंच पाय अशी तिची ठेवण असते. वासापेक्षां नजरेनें सावज हेरून त्याच्या मागें सुटणारी ही जात. आपल्याकडे तिला कारवान असेंही म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं तिला आश्रय दिला, त्यावरून संस्थानचें नांव तिला चिकटलें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. नांव मात्र राहिलें. २००५ सालीं टपाल खात्यानें तिचें तिकीट काढलें, आणि २०१६ सालीं तिचीं पिल्लें मीरत येथील लष्कराच्या केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं. अशा लौकिकाबरोबर भावही चढतात, हें सांगावयास नको.

स्वस्ताईचा धडा आमच्या घरानें पूर्वीं एकदां घेतलेला आहे. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःच आठवड्याच्या बाजारांतून दोन हजार रुपयांस एक पिल्लू आणलें होतें. तें जेमतेम पांच आठवड्यांचें होतें. आईपासून इतक्या लवकर कां तोडलें, लस टोंचली आहे काय, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. सहाव्या दिवशीं त्याला उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनीं पार्व्होचें नांव सांगितलें, सलाईन लावलें. नवव्या दिवशीं तें गेलें. औषधोपचारास नऊ हजार लागले. हाच पुतण्या तेव्हां बारा वर्षांचा होता. दोन रात्री तो पडवींत त्याच्याजवळ बसून होता. त्यानंतर दहा वर्षें त्यानें कुत्र्याचें नांव काढलें नव्हतें. म्हणून यंदा त्यानें तें काढलें तेव्हां 'परवडणार नाहीं' असें एकदम म्हणण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं खर्चाची वही काढली. दाणागोटा, दूध, अंडीं, दरसालच्या लसी, जंताचें औषध, अडीअडचणीला डॉक्टर, असें सारें धरून महिन्याला सरासरी तीन हजार त्यांनीं मांडले. बारा वर्षांचें आयुष्य धरलें तर हा आंकडा चार लाख बत्तीस हजारांवर जातो. वही आमच्यापुढें सरकवून त्या म्हणाल्या, "भावोजी, पांच हजार कीं बारा हजार याची तुम्ही घासाघीस करतां आहां. तो फरक सात हजारांचा, म्हणजे सव्वादोन महिन्यांच्या खाण्याचा. उरलेल्या महिन्यांचें काय, तें आधीं ठरवा."

हें ऐकून थोरले बंधु म्हणाले, "मग पंचवीस हजारच कां देऊं नयेत?" त्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी योग्य होता. पैशानें नक्की काय विकत मिळतें, हें पाहिल्यावांचून अधिक देणें हाही उधळेपणाच होय. तेव्हां आम्ही व पुतण्या तिन्ही ठिकाणीं समक्ष जाऊन आलों. पंचवीस हजारवाल्यानें वंशावळ व छायाचित्रें पुष्कळ दाखविलीं, परंतु पिल्लांची आई दाखविण्यास तो राजी होईना. पांच हजारवाला पांच आठवड्यांचें पिल्लू त्याच दिवशीं पोत्यांत घालून देण्यास तयार होता. २०१७ च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानें नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतलें पिल्लू विकतां येत नाहीं. हें त्यास सांगितलें तेव्हां तो हंसला. बारा हजारवाल्यानें नोंदणीचा कागद दाखविला. त्याची कुत्री अंगणांत मोकळी होती. ती आमच्याजवळ आली, हुंगून गेली, दांत विचकले नाहींत. त्यानें लसींचें कार्ड पुढें केलें आणि उलट आम्हांलाच विचारलें, "कुंपण आहे का? रोज पळवणार कोण?" मात्र त्याचीं पिल्लें दिलेलीं होतीं. पुढलें वेत दोन महिन्यांनीं, आणि त्यानंतर आणखी आठ आठवडे थांबावें लागेल असें तो म्हणाला. जो विकणारा थांबावयास सांगतो त्याला चार पैसे अधिक द्यावे, हें आमचें मत त्या अंगणांत बनलें.

त्याच्या प्रश्नांनीं मात्र आम्हांस अडविलें. कुत्रें शिकारी असलें तरी आपल्या देशांत आतां शिकार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार म्हणजे केवळ मारणें नव्हे, तर वन्य प्राण्याचा पाठलाग करणें, त्याला हांकणें, तसा प्रयत्न करणें हेंही शिकारींतच धरलें आहे. बांधावरच्या सशामागें कुत्रें सोडणें हाही गुन्हाच. ज्याच्या रक्तांत धांवणें आहे त्याला साखळीला बांधून ठेवणें हें आमच्या मतें दुसरें पाप आहे. म्हणजे त्याला रोज तासभर मोकळें पळवावयास हवें, आणि तेंही कुंपणाच्या आंत. कारण नजरेनें एकदां कांहीं धरलें कीं त्याला मागची हांक ऐकूं येत नाहीं. आमच्या बागेची ओढ्याकडची बाजू उघडी आहे. तिला जाळी घालण्यास चाळीस हजार पडतात.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. मातुःश्रींच्या चुलीवर आजवर अंडें शिजलेलें नाहीं. भाकरी आणि दूध एवढ्यावर पळणाऱ्या कुत्र्याचें अंग भरत नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां बागेंतल्या खोपीवर वेगळी शेगडी व वेगळें पातेलें ठेवावें, असें ठरलें. मातुःश्रींनीं एवढेंच विचारलें, "मग प्रसादाचा शिरा तरी त्याला चालेल ना?" शिऱ्यांत बेदाणे असतात, आणि द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरूं शकतात. कांदा-लसूणही त्याला वर्ज्य. बेदाण्यावर पोट असलेल्या घरांत हें ऐकून सारे जण क्षणभर गप्प झाले, आणि बेदाण्याच्या शेडला दार बसविण्याचा खर्चही वहींत चढला.

शेवटीं ठरलें तें असें : पिल्लाला बारा हजारांपर्यंत द्यावे; तेवढीच रक्कम आजारपणासाठीं वेगळी ठेवावी; आणि कुंपण पुरें झाल्यावांचून पिल्लू उंबरठ्याच्या आंत येऊं नये. ज्या घराला दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीची ऐपत नाहीं, त्यानें पिल्लू फुकट मिळालें तरी घेऊं नये, असें आम्हांस वाटतें.

एक खर्च वहींत मांडतां आला नाहीं. वहिनींनीं मुलाला विचारलें, "पहाटे कोण उठणार?" तो कांहीं बोलला नाहीं. गेले तीन आठवडे मात्र साडेपांचला वाड्याचा दिंडीदरवाजा वाजतो. तो एकटाच धांवून परत येतो. काल वहिनींनीं जाळीचे पैसे काढून त्याच्या हातीं दिले.