खडकाचे नाव आणि खडकाची ओळख

बंगळूरच्या वायव्य भागातील यशवंतपुरात एखादा शाळकरी मुलगा व्हिडिओ गेम खेळत बसला आहे, अशी कल्पना करावी. २०१६ साली निघालेल्या ‘नो मॅन्स स्काय’ या खेळात खेळाडू परग्रहावर उतरतो, आपली दुर्बीण समोरच्या शिळेवर रोखतो आणि क्षणार्धात तिची माहिती पडद्यावर उमटते. खडक ओळखला, असे मुलास वाटते. वस्तुतः त्याने खडक ओळखलेला नसतो. केवळ त्याचे नाव वाचलेले असते.

या दोहोंत किती अंतर आहे, हे पाहण्यास दूर जावयास नको. यशवंतपूरनजीकच्या पीण्या येथे इस्रोची विद्युत्-प्रकाशीय प्रणालींची प्रयोगशाळा आहे. चांद्रयान-३ मधील ‘प्रज्ञान’ या गाडीवरचे लेसर उपकरण तिनेच घडविले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. तेथील जमिनीवर या उपकरणाने लेसरचे प्रखर झोत टाकले. त्या उष्णतेने पृष्ठभागाचा सूक्ष्म अंश तापून चमकला आणि त्या प्रकाशाच्या वर्णपटावरून तेथे गंधक असल्याचे निश्चित झाले. खेळातील दुर्बीण नाव सांगते. खऱ्या उपकरणापासून मिळतो तो केवळ पुरावा. तोही मूलद्रव्यांचा, खनिजांचा नव्हे. मूलद्रव्यांवरून खनिजांचा आणि खनिजांवरून खडकाचा तर्क मनुष्यानेच करावयाचा असतो. त्याच गाडीवरील क्ष-किरण उपकरणाने २३ ठिकाणी मोजमापे घेतली. त्यांवरून तेथील माती मुख्यतः ॲनॉर्थोसाइट जातीच्या खडकाची आहे, असे अनुमान २०२४ साली प्रसिद्ध झाले. हा खडक आपल्या देशातही आहे. तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथील ॲनॉर्थोसाइट दळूनच इस्रोने चाचण्यांसाठी चंद्रमातीची प्रतिकृती बनविली होती. परक्या खडकाची ओळख घरच्या खडकावरून पटते, ती अशी.

खेळात खनिजे बहुधा रंगावरून ओळखावयाची असतात. निसर्गात मात्र रंगाइतका लबाड साक्षीदार दुसरा नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील, म्हणजे बेसाल्टातील, पोकळ्यांत पांढरे खडे सापडतात. ते गारगोटीचे, कॅल्साइटाचे किंवा झिओलाइटाचे असू शकतात. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइट काढीत नाही, आणि त्यावर विरल आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. सोनामुखी सोन्यासारखी पिवळी दिसते. पण खरखरीत चिनीमातीवर घासली असता तिचा कस हिरवट काळा उमटतो. सराफ सोने कसोटीवर घासतो, तो याच कारणाने. काठिन्य, कस, चमक व पाटन, म्हणजे खनिज कोणत्या दिशांनी फुटते तो गुण, हे खरे साक्षीदार होत.

तेव्हा दोष खेळाला देऊन भागणार नाही. खेळाने निदान कुतूहल तरी जागविले. पुष्कळ शाळांतील काचेचे कपाट याहून निराळे काय करते? खड्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, कपाटाला कुलूप. विद्यार्थी चिठ्ठी पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. पडद्याऐवजी कागद आला, एवढाच फरक.

यावर उपाय स्वस्त आहे. एक भिंग, एक लोहचुंबक, काचेचा तुकडा, तांब्याचे नाणे आणि झिलईच्या फरशीची मागची खरखरीत बाजू, एवढ्या साहित्यावर पुष्कळशी सामान्य खनिजे ओळखता येतात. कपाटातील चिठ्ठ्या काढून ठेवाव्यात, खडे मुलांच्या हाती द्यावेत आणि चिठ्ठी परीक्षेनंतर त्यांनीच लिहावी. आम्लाचा प्रयोग तेवढा शिक्षकांनी करावा. प्रथम चुका होतील. त्या होऊ द्याव्यात.

यशवंतपूरच्या मुलाने एकदा लालबागेतील टेकडीवर जावे. तेथील पट्टिताश्म सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा असून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तो रक्षिलेला आहे. म्हणून तेथे हातोडी चालवू नये. भिंगातून गारगोटीचे, फेल्स्पारचे व अभ्रकाचे पट्टे पाहावेत. त्या शिळेवर कोणतेही नाव आपोआप उमटणार नाही. ते मुलानेच शोधावयाचे आहे. आणि ज्याला ते साधले, तोच पुढे चंद्रावरून आलेल्या पुराव्याचा अर्थ लावू शकेल.