गुड आय, आप्पा!

शनिवारी संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे व्हिडिओ कॉल येतो. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. स्क्रीनवर आधी आप्पांचं अर्धं कपाळ दिसतं, मग आभाळ, मग हिरवंगार मैदान आणि शेवटी हेल्मेट घातलेला माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ. आप्पा म्हणजे माझे आजोबा. सहा महिन्यांसाठी काकाकडे गेलेत आणि नातवाच्या बेसबॉल मॅचेस बघतायत. एकही न चुकवता.

मागच्या महिन्यात एका मॅचमध्ये तो तीनदा बॅटिंगला आला आणि तिन्ही वेळा स्ट्राइक आऊट झाला. टीमही हरली. तरी आप्पा फोनवर म्हणाले, "काय मजा आली गं आज!"

खरं सांगू? मला राग आला. सहावी ते नववी मी शाळेच्या खो-खो टीममध्ये होते. जिल्ह्यापर्यंत खेळले. सूर मारून फुटलेल्या गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण आप्पा एकदाही आले नाहीत. घरी गेल्यावर प्रश्न एकच, "जिंकलात का?" नववीच्या शेवटी त्यात दुसऱ्याची भर पडली, "आता दहावी आहे, हे अजून किती दिवस?" मी खेळ सोडला.

मग याचंच एवढं कौतुक का? तो मुलगा म्हणून? की अमेरिकेतला म्हणून? दोन्ही शंका आल्या. दोन्हीत थोडं तथ्य असेलही. पण दर शनिवारी तो कॉल बघता बघता आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथलं मैदान बघणाऱ्यांनाही आपलंसं करतं.

लिटल लीग ही लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये तीन टीम घेऊन सुरू झाली. तिच्या नेहमीच्या सीझनमध्ये एक नियम मला फार आवडला. टीममधल्या प्रत्येक मुलाला मॅचमध्ये खेळायला मिळालंच पाहिजे. किमान एकदा बॅटिंग आणि समोरचे सहा जण आऊट होईपर्यंत फील्डिंग. म्हणजे सीझनभर नुसत्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा 'एक्स्ट्रा' तिथे नसतो. नातू खेळणार हे आजोबांना नक्की माहीत असतं, म्हणून ते घडीची खुर्ची उचलून निघतात.

दुसरी गंमत 'गुड आय'ची. वाईट बॉलला बॅट न लावता मुलाने तो सोडून दिला, की बघणारे ओरडतात, "गुड आय!" म्हणजे नजर चांगली आहे. आप्पांचं अख्खं आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलं. पहिल्या मॅचला ते "अरे, मार ना!" म्हणून ओरडत होते. आता 'गुड आय' म्हणतात. काही न करण्याचंही कौतुक होऊ शकतं, हे ते सत्तरीनंतर शिकले. शिवाय हा खेळच अपयशाला सरावलेला. दहापैकी तीन वेळा हिट मारणारा व्यावसायिक खेळाडूही तिथे उत्तम बॅटर समजला जातो. तीन वेळा स्ट्राइक आऊट झालेल्या पोराला घरी तोंड लपवावं लागत नाही.

तिथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. लिटल लीगने मुलींना प्रवेश दिला तो थेट १९७४ मध्ये, तोही न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या मारिया पेपे या मुलीचं प्रकरण न्यायालयीन लढाईपर्यंत गेल्यावर. आणि अंपायरवर ओरडणारे पालक तिथेही आहेतच. कित्येक मैदानांवर पाट्या लावाव्या लागतात, की ही लहान मुलं आहेत आणि हा फक्त खेळ आहे. माझ्या मते ही पाटी आपल्याकडे घराच्या दारात लावायला हवी. आपल्याकडे खेळ म्हणजे क्रीडागुण, सर्टिफिकेट, नाहीतर सरळ 'वेळ घालवणं'. नुसतं खेळणं आणि नुसतं बघणं, याला आपल्या हिशेबात रकानाच नाही.

शेवटी मी आप्पांना विचारलंच, "माझ्या मॅचला का नाही आलात?" दोन सेकंद काही बोलले नाहीत. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "तू कधी ये म्हणालीस?"

उत्तर मला आवडलं नाही. लहान मुलीने आमंत्रण द्यायचं असतं का? मोठ्यांनी यायचं असतं, हे मी आजही म्हणेन आणि त्यांना तसं म्हणालेही. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मॅचची वेळ मुद्दाम सांगायचे नाही. हरले तर त्यांनी बघायला नको, असं वाटायचं. त्यांना फक्त निकालात रस आहे हे मी गृहीत धरलं आणि म्हणून त्यांच्यापर्यंत फक्त निकालच पोचवला.

आपण कॉलेजमध्येही हेच करतो. फायनलला पोचलो तर घरी सांगू, एकांकिका प्राथमिक फेरीतून पुढे गेली तर आईबाबांना बोलावू. बहुतेक वेळा फायनल येतच नाही. मग घरच्यांना आपलं खेळणं, नाचणं, नाटक कधी दिसतच नाही, दिसतो तो फक्त व्हॉट्सअॅपवरचा फोटो. आणि घरात बसलेल्या आजी-आजोबांना तर कुणी विचारतही नाही. त्यांच्याकडे वेळ असतो. आपल्याकडून कशाचीही अपेक्षा न ठेवता तासभर बघत बसू शकणारी माणसं आयुष्यात फार नसतात. तेव्हा पहिल्या फेरीलाच बोलवा. हरणार असाल तर नक्की बोलवा.

आप्पा ऑक्टोबरमध्ये परत येतायत. डिसेंबरमध्ये आमच्या कॉलेजच्या इंटरक्लास मॅचेस असतात. खो-खोसाठी मी नाव दिलंय. पाच वर्षांनी पळणार आहे, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला आऊट व्हायची दाट शक्यता आहे. आप्पांना तारीख सांगून झालीय. आमच्या मैदानावर बसायला जागा नाही, म्हणून घडीची खुर्ची मी नेणार आहे.