मोठी डीपी बसवली तरी मोटार का उठत नाही?

रब्बीत गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की शिवारातल्या मोटारी नुसत्या घुमतात, उठत नाहीत. मग वायरमनला फोन जातो: "डीपी कमजोर आहे, मोठी बसवा." मोर्चेही त्यासाठीच निघतात. भार झेपेना म्हणून डीपी वारंवार जळत असेल, तर मागणी रास्तच. पण पडलेल्या व्होल्टेजवर हा उतारा क्वचितच लागू पडतो.

डीपी, म्हणजे बांधावरचे रोहित्र, तसे मुके यंत्र. ११ हजार व्होल्ट आत घ्यायचे, वेढ्यांच्या गुणोत्तराने ४३३ बाहेर द्यायचे. आत कमी आले की बाहेरही त्याच प्रमाणात कमी. काहींना टॅप असतो. साधारण अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांनी व्होल्टेज वर-खाली करता येते, तेही वीज बंद करून, हाताने. दुपारच्या भारासाठी टॅप चढवून ठेवावा, तर रात्री मोटारी थांबल्यावर घरातले बल्ब उडतात.

भार चालू असताना आपोआप टॅप बदलणारी यंत्रणा असते उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्रांवर. जर्मन अभियंता बर्नहार्ड यान्सेन यांनी १९२०च्या दशकात त्यासाठी नामी युक्ती काढली: टॅप बदलताना क्षणभर प्रवाह रोधातून वळवायचा, म्हणजे पुरवठा तुटत नाही. मात्र ही यंत्रणा सहसा उपकेंद्रातलेच व्होल्टेज पाहते. पार शेवटच्या खांबावर काय चालले आहे, त्याची तिला गंधवार्ता नसते.

आणि खरी गळती तिथेच, डीपीपासून विहिरीपर्यंतच्या लांबलचक लघुदाब तारेत. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ४१५ऐवजी ३३० मिळाले, तर उरतो जेमतेम ६३ टक्के. अडकलेली मोटार प्रवाह ओढत राहते, वाइंडिंग जळते. त्यात ऑटोस्विच! लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठू पाहतात आणि एकमेकींचे व्होल्टेज खातात. स्टार्टरजवळ कपॅसिटर लावला, तर तारेतला प्रवाह घटतो. पण तो लावायचा कंटाळा शेतकऱ्यालाही आहेच.

११ हजारांची तार विहिरीजवळ नेऊन एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटे रोहित्र द्यायचे, ही उच्चदाब वितरण प्रणाली महाराष्ट्राने २०१८मध्ये हाती घेतली, ती याच हिशेबाने. तेवढ्याच विजेला प्रवाह पंचवीसेक पट कमी लागतो, म्हणून त्याच तारेतली हानी सहाशे पटींहून कमी होते. खर्च मोठा आहे, पण पैसा घालायचा तो इथे.

ग्राहकाच्या जोडणीपाशी व्होल्टेज सहा टक्क्यांपेक्षा हलू नये, असे १९५६च्या वीज नियमांतच लिहिले होते. मोजमाप जोडणीपाशी, डीपीच्या बुडाशी नव्हे. पुढच्या मोर्चाने मोठ्या डीपीऐवजी शेवटच्या विहिरीवरचे, ऐन पाण्याच्या पाळीतले रीडिंग मागावे.