ब्लेड बदललं का, हे विचारणार कोण?

विषय छोटा वाटेल, पण थेट गळ्याशी येणारा आहे.

मागच्या महिन्यात तालुक्याला गेलो होतो, तिथं एका सलूनमध्ये दाढीला बसलो. पोरानं आधीच्या गिऱ्हाइकाचा वस्तरा फडक्याला पुसला आणि तसाच माझ्या गालाला लावला. म्हटलं, "भाऊ, ब्लेड बदल." तर म्हणतो, "सकाळीच टाकलं काका, दोनच दाढ्या झाल्या." वरून सगळ्यांच्या गालावर फिरलेली तीच तुरटी.

पोराचा राग नाही आला. त्याला कोणी शिकवलंच नाही. हिपॅटायटिस बी ही कावीळ रक्तातून पसरते आणि तिचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी टिकतो. फडक्यानं पुसून तो जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दोन-तीन खुर्च्यांच्या दुकानाला नोंदणीही लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की झालं. तो कायदा कामाचे तास अन् सुट्ट्या बघतो. वस्तरा धरणारा शिकलेला आहे का, हे बघत नाही.

लगेच कोणी म्हणेल, अमेरिकेसारखा परवाना आणा. तिथं बहुतेक राज्यांत हजार-दीड हजार तास शिकल्याशिवाय पैसे घेऊन केस कापता येत नाहीत. मला ते इथं नको. आपल्या रोहिणखेडात बापाच्या हाताखाली शिकलेला कारागीर दुकान बंद ठेवून, फी भरून कुठं बसेल? धंदा जाईल मोठ्या पार्लरवाल्यांकडे, आणि याच्या वाट्याला येतील खेटे अन् चिरीमिरी.

मधला रस्ता आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत नाभिक कारागीरही आहेत. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत. त्यातला एक दिवस फक्त स्वच्छतेचा ठेवा. योजनेत नाव नसलेल्यालाही तो एक दिवस फुकट द्या. प्रमाणपत्र दुकानात आरशाशेजारी लावा. बस, एवढाच परवाना!

"नियम पाळतो कोण?" असं म्हणू नका. 28 जून 2020 ला टाळेबंदीनंतर सलून उघडली, तेव्हा दाढीला बंदी होती, प्रत्येक गिऱ्हाइकामागे खुर्ची-अवजारं निर्जंतुक करायची होती. तीन महिने कमाई बुडालेल्या माणसांनी ते केलं. मी डोळ्यानं पाह्यलं.

आपलीही जबाबदारी आहे. नव्या ब्लेडचे दोन रुपये जास्त मागितले तर कुरकुर करू नका.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. गावातल्या नाभिक बांधवांनी जरूर यावं, त्यांच्याशिवाय ठरवायचं नाही. पटलं तर पुढं पाठवा, नसेल पटत तर खाली बिनधास्त लिहा.